पाणी ओळखेल तो पाला ओळखेल

खोडद हे नाव देशाबाहेर ज्या कारणाने ठाऊक आहे, ते कारण आकाशाकडे तोंड करून उभे आहे. जुन्नर तालुक्यातील या गावाच्या शिवारात 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारख्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही दुर्बीण २००१ साली राष्ट्राला अर्पण झाली. तिच्याविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र लिहायचे आहे ते त्याच शिवारात, तबकड्यांच्या पायथ्याशी, ओढ्याच्या कडेला आणि डोहाच्या गाळात उगवणाऱ्या, माणसाने शतकानुशतके खाल्लेल्या हिरव्या वनस्पतींविषयी.

रानभाज्या हा अलीकडे लोकप्रिय विषय झाला आहे. पावसाळ्यात जागोजागी रानभाजी महोत्सव भरतात, तक्ते लागतात, पाककृतींच्या पुस्तिका निघतात. या उत्साहाबद्दल मला तक्रार नाही. पण या तक्त्यांवर जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या भाज्या एकाच रांगेत मांडलेल्या असतात, तेव्हा एक महत्त्वाचा फरक पुसला जातो. माळावरची भाजी ओळखणे म्हणजे ती वनस्पती ओळखणे. पाण्यातली भाजी ओळखणे म्हणजे ती वनस्पती आणि तिच्या मुळाशी असलेले पाणी, या दोहोंना ओळखणे. या ओळखीचा दुसरा अर्धा भाग आपल्या लेखी परंपरेतून केव्हा आणि कसा गळाला, हा माझ्या शोधाचा विषय आहे.

मी वनस्पतिशास्त्राचा किंवा आयुर्वेदाचा पदवीधर नाही. जुने ग्रंथ आणि गॅझेटियर वाचायची सवय, आणि सुट्टीच्या दिवशी मीना-कुकडीच्या खोऱ्यातून पायी हिंडायचा नाद, एवढ्या भांडवलावर हे काम चालले आहे. त्यामुळे पुढील मांडणीकडे एका हौशी माणसाने जमवलेली जुळणी म्हणून पाहावे.

पुरावा न ठेवणारे अन्न

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला सह्याद्रीचा माथा आहे, तिथे पाऊस कोसळतो. पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. मीना, कुकडी आणि घोड या नद्या पश्चिमेचे पाणी घेऊन पूर्वेच्या कोरड्या मुलखात उतरतात आणि शेवटी घोडेच्या वाटेने भीमेला मिळतात. खोडद या उताराच्या पूर्वभागात, कोरड्या बाजूला येते. पाऊस बेताचा, पण नदी मात्र घाटमाथ्याचे पाणी घेऊन येणारी. अशा ठिकाणी नदीकाठ आणि ओढे हाच हिरवाईचा आधार असतो.

या खोऱ्यात माणसाचा वावर फार जुना आहे. कुकडीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे सापडली. त्या राखेचे वय किती यावर संशोधकांत मोठा वाद झाला. बऱ्याच पुढच्या काळात घोडेच्या काठी, आजच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती होती. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे दीड दशक तिथे उत्खनन केले. जव, गहू, मसूर, कुळीथ अशी धान्ये तिथे मिळाली. बोरे आणि जांभळे खाल्ल्याच्या खुणाही मिळाल्या.

पालेभाजी मात्र मिळाली नाही, आणि मिळणारही नव्हती. उत्खननात वनस्पतीचे जे अवशेष टिकतात ते बहुधा जळून कोळसा झालेले दाणे, बिया आणि कठीण कवचे. कोवळा पाला खुडला, शिजवला, खाल्ला की त्याचा मागमूस उरत नाही. युरोपातल्या प्रागैतिहासिक तळ्याकाठच्या वस्त्यांत शिंगाड्याची कवचे सापडतात, कारण ती लाकडासारखी टणक असतात. नाळीच्या किंवा अळूच्या पानाला ते भाग्य नाही. त्यामुळे इतिहासात धान्य पिकवणाऱ्याची नोंद होते आणि भाजी खुडणारीची होत नाही. पुरावा नसणे आणि अन्न नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे भान ठेवून आपल्याला लिखित साधनांकडे वळावे लागते.

संहितेतले पाणी

लिखित साधनांत सर्वांत जुना आणि भरवशाचा आधार आयुर्वेदाच्या संहितांचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २७ वा अध्याय हा अन्नपानाचा आहे. त्यातल्या शाकवर्गात पाण्यातल्या वनस्पतींचा एक गटच येतो. बिस, शालूक, कसेरुक, शृंगाटक ही नावे तिथे शेजारी शेजारी आहेत आणि त्यांचा गुणही एकत्रच सांगितला आहे: जड, पोटात वात धरणारे, थंड. बिस म्हणजे कमळाचा गाळात पसरणारा, आडवा वाढणारा भाग. शालूक म्हणजे कमळ-कुमुदांचा कंद. कसेरुक म्हणजे पाणथळीतल्या एका लव्हाळ्याच्या जातीचा गोड कंद, जुन्या मराठी नावांत कचेरा. शृंगाटक म्हणजे अर्थातच आपला शिंगाडा.

शब्दांची ही श्रीमंती लक्षात घेण्याजोगी आहे. एकाच तळ्यातल्या कमळवर्गी वनस्पतींच्या वेगवेगळ्या भागांना तेव्हा वेगवेगळी नावे होती, कारण ते भाग वेगवेगळे काढले, शिजवले आणि खाल्ले जात. आज आपल्याकडे उरली ती 'कमळकाकडी'. हा शब्द बाजाराबरोबर उत्तरेकडून आला. जे स्वतः काढतो त्याला घरचे नाव असते, जे विकत आणतो त्याला बाजाराचे. नावांच्या या बदलातही इतिहास आहे.

पण चरकाचे मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढचे बोलणे. भाजी कोणती टाळावी हे तो सांगतो, तेव्हा किडीने, वाऱ्याने, उन्हाने मारलेली, वाळलेली, जून झालेली, हंगाम सोडून आलेली अशी यादी देतो. त्याच यादीत स्नेहाशिवाय शिजवलेली आणि उकडल्यावर पाणी काढून न टाकलेली भाजीही आहे. म्हणजे भाजीचे नाव पुरेसे नाही, ती कोणत्या ऋतूत, कोणत्या अवस्थेत घेतली आणि तिच्यावर काय संस्कार केला, हे सारे मिळून ती खाण्याजोगी ठरते. भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे प्रकार करून, जिथली वनस्पती तिथला गुण, हेही याच परंपरेने सांगितले. नदीचे, विहिरीचे, तळ्याचे, झऱ्याचे पाणी वेगवेगळे मानले आणि बिघडलेल्या पाण्याची लक्षणे दिली. वनस्पती आणि पाणी तिथे अजून एकाच विचारात आहेत.

आमच्या जुन्नरला तर पाण्याचे हे महत्त्व दगडात कोरलेले आहे. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी यांच्या परिसरात २०० हून अधिक लेणी आहेत. त्यांतल्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक 'पोढी' दान दिल्याची नोंद आहे. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. राहायच्या जागेइतकेच पाण्याचे टाकेही नावानिशी नोंदवावे, असे त्या दात्यांना वाटले.

हिवरे येथील बाग आणि वाळलेली पाने

एकोणिसाव्या शतकात वनस्पतींकडे पाहण्याची एक नवी रीत आली आणि योगायोग असा की तिचे एक केंद्र जुन्नर तालुक्यातच होते. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर १८३८ मध्ये दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा अधीक्षक झाला. जुन्नर तालुक्यातील हिवरे येथेही त्याच्या देखरेखीखाली सरकारी बाग होती, आणि सरकारी दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पती तिथे लावल्या जात. पुढे १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. निकोल डाल्झेल याच्यासह त्याने लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. दापोडीच्या बागेतील वनस्पतींची सुंदर चित्रे आज एडिंबरो येथे जपलेली आहेत. ती एका इथल्याच चित्रकाराने काढली आणि त्याचे नाव नोंदलेले नाही.

पुढचे नाव डॉ. जुझे कामिलो लिस्बोआ या गोमंतकीय वैद्याचे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा २५ वा खंड वनस्पतींना वाहिलेला आहे. १८८६ मध्ये आलेल्या या खंडातील उपयुक्त वनस्पतींचे मोठे काम लिस्बोआंचे. त्यात इमारती लाकूड, अन्न, तेल, रंग, धागे यांच्याबरोबर दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचा स्वतंत्र भाग आहे. १८७६-७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ तेव्हा ताजा होता. भुकेली माणसे काय खाऊन तगली हे नोंदवणे हे त्या खंडाचे मोठे उपकार आहेत. नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १९०१ ते १९०८ या काळात खंडशः प्रसिद्ध केली. आजही अभ्यासक तिच्यावाचून पुढे जात नाहीत.

या लोकांचे ऋण मोठे आहे. त्यांनी नावे वाचवली. कसेरूच्या एका जातीला शास्त्रीय नाव देताना विल्यम रॉक्सबर्गने 'किसूर' हा इथलाच शब्द ठेवला. रानटी भाताच्या एका जातीला भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये 'ओरायझा निवारा' म्हटले, त्यात संस्कृतातला नीवार जिवंत राहिला. पण वनस्पतिशास्त्राची रीत अशी की पान दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून अभ्यासायचे. कागदावरची पाणवनस्पती कोरडी असते. 'तळ्यांत व ओढ्यांत सर्वत्र' अशी नोंद सूचीत असते आणि शास्त्राच्या दृष्टीने ती पुरेशी असते. त्यांतल्या कोणत्या ओढ्याची खावी आणि कोणत्याची खाऊ नये, हा प्रश्न त्या शास्त्राचा नव्हता. तो स्वयंपाक करणारीचा होता, आणि तिला कोणी विचारले नाही. आजचे तक्ते या सूचींचेच वंशज आहेत.

नांगराविना अन्न

लेखी परंपरेत जे गळाले त्यातले थोडे व्रतांनी सांभाळले. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे अन्न खायचे नाही असा दंडक आहे. नांगरटीशिवाय येणारे कंद, पाला, फळे आणि आपोआप उगवणारा भात, एवढेच चालते. आश्रमातल्या ऋषींचे अन्न म्हणून संस्कृत साहित्यात येणारा नीवार तो हाच, पाणथळीत आपोआप वाढणारा भात. उत्तर भारतात आणि छत्तीसगडात असा भात आजही व्रतासाठी आवर्जून विकत घेतला जातो.

शिंगाड्याचे उपवासातले स्थानही मला याच नियमातून आलेले वाटते. तो तळ्यात येतो, नांगराला शिवत नाही. उपवासाच्या ताटात आज त्याच्याशेजारी बसणारे साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळे हे सारे मूळचे परदेशी पाहुणे. शिंगाडा मात्र घरचा. आणि त्याचे घर फार मोठे आहे. ग्रीसच्या उत्तरेकडील स्ट्रायमन नदीकाठचे लोक याच्या पाल्यावर घोडे पोसतात आणि गराची भाकरी करून खातात, असे रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले. काश्मीरच्या वुलर सरोवरातल्या शिंगाड्यावर किमान ३०,००० माणसे वर्षातले ५ महिने जगतात, असे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवासी विल्यम मूरक्रॉफ्टने नोंदवले.

म्हणजे व्रतांनी नांगराविना अन्नाची आठवण ठेवली. तिचे आज काय झाले आहे ते पुण्याच्या मंडईत पाहावे. ऋषीच्या भाजीसाठी जे वाटे मिळतात त्यांत अळू, माठ, भोपळा, दोडका यांच्याबरोबर मक्याचे कणीस असते. मका अमेरिकेतून आलेला, आणि हे सारे शेतातले, खतपाण्यावरचे. बैलाचे श्रम नाहीत एवढे खरे, कारण नांगरट ट्रॅक्टरने झालेली असते! नियमाचे अक्षर पाळले गेले. पाणथळ मात्र ताटातून गेली.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाण्यातले अन्न हे दुष्काळाचे अन्न, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. दुष्काळात पहिले आटते ते तळेच. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडच्या लोकांनी अमेरिकेचा मिलो खाल्ला, बरबड्यासारख्या रानातल्या तणाचे बी दळून खाल्ले. कोवळ्या पाणभाजीचा तेव्हा प्रश्नच नव्हता. तळ आटत आल्यावर गाळात उरलेले कंद खणता येतात, एवढाच तिचा दुष्काळातला उपयोग. पाणभाजीचा खरा काळ आषाढ ते भाद्रपद: कणगी रिकामी झालेली, शेत हिरवे पण पीक हाती यायला अवकाश, आणि ओढा मात्र भरलेला. दरवर्षी येणाऱ्या या अडचणीच्या महिन्यांचे ते अन्न होते. दुष्काळ नोंदवला जातो, दरवर्षीची ओढाताण नोंदवली जात नाही. पाणभाजी विस्मरणात जाण्याचे तेही एक कारण असावे.

ओढ्याकाठची परीक्षा

आता प्रत्यक्ष ओळखीकडे येऊ. या खोऱ्यात हिंडताना ज्यांच्याकडून मी शिकलो त्या बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या बायका. त्यांची ओळखण्याची रीत पुस्तकी रीतीपेक्षा वेगळी आहे. पुस्तक फुलापासून सुरू होते. भाजी मात्र फुलण्याआधी, कोवळी असताना खुडायची असते, म्हणून त्यांची परीक्षा देठापासून सुरू होते.

नाळीची भाजी घ्या. संस्कृतात कलंबी, बंगालात कलमी, आग्नेय आशियात कांगकाँग आणि शास्त्रीय नाव आयपोमिया अ‍ॅक्वाटिका. देठ नळीसारखा पोकळ, म्हणून नाळी. तो पाण्यावर तरंगतो आणि पेरापेराशी मुळे सोडतो. मोडला तर किंचित चीक येतो. पान लांबट, बाणाच्या टोकासारखे. शेंडे खुडून लसूण-मिरचीच्या फोडणीत परतले की भाजी झाली. ही वनस्पती इतक्या जोमाने पसरते की अमेरिकेत ती कायद्याने घातक तण ठरली आहे. तीच भाजी पूर्वेकडच्या देशांत रोजच्या जेवणात असते.

तिची जुळी वाटावी अशी दुसरी वनस्पती त्याच काठावर उभी असते: बेशरम. हीसुद्धा आयपोमियाच, पण अमेरिकेतून आलेली आणि विषारी. शेळ्यामेंढ्यांना हिची चटक लागली तर त्यांचा तोल जातो, त्या खंगून मरतात. दोघींची फुले कर्ण्यासारखी, फिकट जांभळी-गुलाबी, त्यामुळे नुसते फूल पाहणारा फसतो. देठ पाहणारी फसत नाही: नाळी पाण्यावर लोळते, बेशरम ताठ उभी राहते, पुरुषभर वाढते आणि तिचा बुंधा लाकडासारखा होतो.

अळूचे रानटी भाऊबंद, ज्यांना तेरे म्हणतात, ते ओढ्याच्या ओलीत येतात. त्यांच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. चिंच किंवा आमसूल घालून चांगले शिजवल्यावाचून ही भाजी खायची नाही, हे घरोघर ठाऊक असते. कमळ आणि कुमुद यांतला भेद पानावरून कळतो. कमळाचे पान अखंड गोल, देठ मध्यावर, बहुधा पाण्याच्या वर उचललेले, त्यावर थेंब ठरत नाही. कुमुदाच्या पानाला देठापर्यंत चीर असते आणि ते पाण्यावर पसरून राहते. ब्राह्मीच्या बाबतीत तर नावच दोघींत वाटले गेले आहे. पाणथळीत सरपटणारी, जाड बारीक पानांची नीरब्राह्मी वेगळी आणि बेडकाच्या पावलासारख्या गोल पानाची मंडूकपर्णी वेगळी. बाजारात दोन्ही ब्राह्मी म्हणूनच मिळतात. उलट शेवळे हे नाव शेवाळासारखे ऐकू येते, पण ती पाण्यातली भाजी नाही, डोंगरउतारावरच्या कंदाचा तो कोंब आहे.

इथवरची ओळख पुस्तकात लिहिता येते. पुढची मला एका ओढ्यावर ऐकायला मिळाली. काठावर नाळी माजली होती. गुरे पाण्यावर आणलेल्या एका वृद्ध बाईंना मी विचारले, "आजी, ही नाळीच ना?"

"व्हय बाबा, नाळीच," त्या म्हणाल्या. "पण ह्या वढ्याची न्हाई खायची."

मी कारण विचारले तर त्यांनी भाजीकडे पाहिलेही नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला हात केला. वर कोणाची शेते आहेत, तिथे औषध मारले की पंप कुठे धुतात, गावाचे गटार कुठे येऊन मिळते, हे त्या सांगत गेल्या. वाहते पाणी की साचलेले, पहिल्या पुरानंतरचे की आधीचे, काठावर बेडूक आहेत की नाहीत, हेही त्यांच्या हिशेबात होते. जवळच्याच दुसऱ्या ओहळाची नाळी मात्र त्या अजून खातात. वनस्पती एकच, ओळख एकच, निर्णय दोन. कोणत्याही तक्त्यावर न छापलेली ही विद्या आहे.

आधुनिक शास्त्र याला पूर्ण दुजोरा देते. पाणवनस्पती पाण्यातली आणि गाळातली द्रव्ये शोषून घेतात. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी पाणकणसाची लागवड करतात ती याच गुणामुळे. जो गुण पाणी शुद्ध करतो तोच भाजी दूषित करतो. बँकॉक परिसरातील नाळीच्या भाजीत पारा, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू साठल्याचे तिथल्या अभ्यासांत आढळले आहे. हे धातू शिजवून जात नाहीत. शिजवण्याने जाते ते दुसरे संकट: पाणवनस्पतींवर चिकटून राहणाऱ्या चपट्या कृमींच्या अवस्था. म्हणून शिंगाडा कच्चा, दातांनी सोलून खाऊ नये आणि पाण्यातला पाला कच्चा खाऊच नये. उकडून पाणी टाकण्याचा चरकाचा आग्रह आजही पाळण्याजोगा आहे.

बदललेले पाणी

मग प्रश्न असा की आमच्या खोऱ्यातल्या पाण्याचे काय झाले? कुकडी प्रकल्पाने येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही ५ धरणे उभी केली. या पाण्याने तालुक्याचे भाग्य बदलले. ऊस, द्राक्षे आणि नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो ही त्याचीच फळे. ज्या घरांतल्या आज्या आषाढात ओढ्याकाठी पाला शोधत, त्या घरांतली नातवंडे शिकून बाहेर पडली ती याच पाण्यावर. त्या काळाच्या गरिबीला सुगंध चढवण्यात मला रस नाही.

पण त्याबरोबर पाण्याचा स्वभाव बदलला. पूर्वी नदी पावसाळ्यात भरायची, हिवाळ्यात ओसरायची आणि उन्हाळ्यात डोहांपुरती उरायची. पाणवनस्पतींचे आयुष्य या चढउतारावर बेतलेले होते. आता पाणी आवर्तनाने येते. शेतातून निथळणारी खते आणि औषधे ओढ्यात उतरतात. ओढे सरळ आणि खोल केले की पाणी साठते, पण घोटाभर पाण्याची उथळ कड, जिथे नाळी, तेरे, ब्राह्मी वाढायची, ती यंत्राच्या एका फेरीत जाते. उरलेल्या संथ पाण्यावर जलपर्णी पसरते.

आणि इथे मला त्या दुर्बिणीकडे परत यावेसे वाटते. दूरच्या आकाशगंगांतल्या हायड्रोजनचे अतिक्षीण संदेश ऐकता यावेत, म्हणून खोडदच्या आसपास रेडिओ गोंगाट वाढू नये याची काळजी घेतली जाते. त्यासाठी परिसरातल्या उद्योगांवर बंधने आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींची शुद्धता मोजता येते, राखता येते आणि त्यासाठी नियम करता येतात, हे या गावाने जगाला दाखवले आहे. मग ओढ्याच्या पाण्याची शुद्धता राखणे अशक्य आहे, असे निदान खोडदला तरी कोणी सांगू नये.

नोंदवहीतला एक रकाना

हे सारे हातचे गेले, असेही नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख आहे. तिथले मालगुजारी तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कसब होते आणि त्यांवर ढीवर समाजाची उपजीविका होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलावांची व्यवस्था बदलली, गाळ साचला, बेशरम माजली. अलीकडच्या काळात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि तिथल्या ढीवर स्त्री-पुरुषांनी मिळून काही तलावांतली बेशरम उपटली, तळ तयार केला आणि तिथल्याच मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती किती खोलीवर लावायची, कोणता मासा कशाच्या आडोशाने अंडी घालतो, हे ज्ञान ढीवरांचेच होते. त्यांनी भाजी वाचवायची म्हणून तलाव वाचवला नाही. तलाव वाचवला आणि त्याच्याबरोबर मासे, पाखरे आणि खाण्याजोगा पाला आपोआप आला. क्रम असा आहे.

आमच्या खोऱ्यात सुरुवात याहून लहान असू शकते. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोकांच्या माहितीवरून नोंदवही तयार करावी लागते. या नोंदवहीत वनस्पतीचे स्थानिक नाव, शास्त्रीय नाव आणि उपयोग लिहिला जातो. माझे सांगणे एवढेच की पाणवनस्पतींपुढे आणखी एक रकाना आखावा: कोणते पाणी. कोणत्या ओढ्याची, कोणत्या महिन्यात, वरच्या अंगाला काय आहे, आणि आज ती खावी की नाही. हा रकाना दरवर्षी नव्याने भरावा लागेल. तो भरायला गावातल्या जुन्या बायकांनाच बोलवावे लागेल, आणि ही माहिती त्यांच्या नावावर लिहावी लागेल. दापोडीच्या चित्रकाराचे झाले तसे त्यांचे होऊ नये.

ज्या वर्षी त्या रकान्यात एका ओढ्यापुढे 'खाऊ नये' याच्या जागी 'खावी' असे लिहिता येईल, त्या वर्षी त्या गावाने केवळ एक भाजी परत मिळवली असे होणार नाही. एक ओढा परत मिळवलेला असेल. भाजी ही त्या ओढ्याची पावती.